अर्धा स्वर उतरलेलं इंजिन

३ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि. यातला विनंतीचा भाग या खेपेला खरा आहे, म्हणून पत्र शेवटपर्यंत वाच. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू ‘हो, हो, बघू’ म्हणतोस आणि ठेवल्यावर लक्षात येतं की तू काहीच बोलला नाहीस. कागदावर नुसतं ‘बघू’ लिहून पाकीट चिकटवायला माणसाला जरा तरी लाज वाटते.

बातमी अशी की बाबांची लाल गाडी गेली. चोरीला नाही. चोरीला जायला ती आधी सुरू व्हावी लागते. चौकातल्या सिग्नलला उभी होते, हिरवा लागला, सगळे गेले, मी राहिले. बॉनेटमधून वाफ, मागून हॉर्न, आणि आतून कुणीतरी डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज. दोन दमदार बायकांनी ढकलून कडेला लावली. दोन सीटच्या गाडीचा तेवढा एक फायदा, हलकी असते.

तू आता विचारशील की गाडीत मी कशी. गेल्या महिन्यात मी परवाना काढला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं, नापास झाले असते तर तू पुढची दहा वर्षं त्यावर काढली असतीस. पहिल्याच झटक्यात पास झाले आणि तिसऱ्याच फेरीत इंजिन घालवलं. म्हणजे बाबांचा माझ्याबद्दलचा अंदाज बरोबर होता म्हणायचा.

गॅरेजवाला मोठा गमतीचा माणूस आहे. गळ्यात डॉक्टरांची नळी घालून फिरतो, ती इंजिनाला लावून डोळे मिटतो आणि मान हलवतो. मी त्याला स्टेथो म्हणते. तो मला चष्मेवाल्या बाई म्हणतो, तेव्हा फिटंफाट. त्याचं निदान असं की हेड वाकलंय, दोन पिस्टन जागच्या जागी चिकटलेत. आता तीन रस्ते आहेत. आहे तेच इंजिन सोलून नव्यासारखं करायचं, एक लाख साठ हजार आणि तीन महिने. याच मॉडेलच्या ठोकलेल्या गाडीचं जुनं इंजिन शहराबाहेरच्या यार्डात आहे, ते बसवण्यासकट एक लाख दहा; पण जुन्याचा भरवसा स्टेथो देत नाही, नळी लावल्याशिवाय तो कशाचाच देत नाही. किंवा आजकालच्या गाडीचं इंजिन, सोबत त्याच्या वायरी आणि त्याचा कॉम्प्युटर, पावणेतीन लाख.

मी दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत विचारते, हे बरं की हे? लोक गोंधळतात, घामेजतात, आणि मी मनात म्हणते, एवढं काय त्यात. आता कळलं, किती दुष्ट प्रश्न आहे तो.

तू सव्वीस वर्षं विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्या तपासतोस. कुठला भाव खरा, कुठला चढवलेला, हे तुला वासावरून कळतं. सांग.

आणि एक विचारायचं राहून जातं दर वेळी. बाबांनी गाडी मला का दिली? तुला येते चालवायला. मी सतरा वर्षांची असताना मैदानावर मला तीन फेऱ्या शिकवल्या, चौथी पुढच्या रविवारी म्हणाले आणि ती आलीच नाही. किल्ली खुंटीवरून खिशात गेली. मी फाटकाशी उभी राहिले होते, मला आठवतंय. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आपल्या घरात विचारायची पद्धतच नव्हती. मग मरताना त्याच गाडीचे कागद माझ्या नावावर? चौदा महिने झाले, मला याचा उलगडा होत नाही.

वहिनीला नमस्कार. माया आहे तेवढीच ठेव, सल्ला मात्र वाढवून पाठव.

तुझी,
बारकी

•

९ जून

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे परवान्यासाठी. बातमी तुझ्या वहिनीला वाचून दाखवली. ती म्हणाली, आता रस्त्यावर जपून चालायला हवं. मी तिला धीर दिला, तू तीनशे मैलांवर आहेस.

आता कामाचं. विचारांत वेळ घालवू नकोस. दुसरा रस्ता धर, यार्डातलं इंजिन. सोलून नव्यासारखं वगैरे हे सगळं ऐकायला छान असतं, एकदा इंजिन उघडलं की रोज एक नवा पार्ट ‘हाही बदलायला हवा बाई’ म्हणत पुढे येतो. एक साठचे दोन वीस होतात, हे मी हजार वेळा पाहिलंय. नव्या इंजिनाच्या भानगडीत तर पडूच नकोस, म्हाताऱ्याला तरुण मुलाचं हृदय बसवण्यातला प्रकार आहे.

जुनं काढून दुसरं बसवणं हे काही अवघड काम नाही. पाया तोच, खालचे चार बोल्ट तेच. सायलेन्सरचा पाइप तेवढा दोन बोटं कापून परत जोडावा लागतो आणि तापमानाच्या काट्याची वायर जराशी आखूड पडते, तिला जोड द्यायचा. चांगला माणूस असेल तर चार दिवसांत होतं. स्टेथो आठवडा म्हणाला तर त्याला माझं नाव सांग.

जुनं इंजिन निघालं की त्याच दिवशी भंगारात वजनावर घाल. घरात आणू नकोस, आठवण म्हणून अंगणात मांडू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. नंबरबिंबर उतरवून घेत बसायची गरज नाही, कागदांचं मी ओळखीतून बघतो.

आणि पैसे मी देणार. सगळे. यावर चर्चा नको.

बाबांनी गाडी तुला का दिली, हे मी काय सांगू? म्हाताऱ्या माणसाच्या मनात काय येईल नेम नाही. तू त्यांची सेवा केलीस, घर सांभाळलंस. दिली, झालं.

डोळ्यांना जप, लोकांचेही आणि स्वतःचेही. आशीर्वादांत खंड नाही.

तुझा,
दादा

•

१६ जून

ती. दादास,

सा. न. पत्र मिळालं आणि मी खुर्चीत बसले. तू ‘सगळे पैसे मी देणार’ म्हणतोस. माझ्या दुकानातून वाचायचा चष्मा नेताना फ्रेमवर सूट मागणारा माणूस तू. तब्येत बरी आहे ना?

तुझा सल्ला जसाच्या तसा स्टेथोला वाचून दाखवला. दोन बोटांवर तो हसला. म्हणाला, बाई, त्याच मॉडेलचं इंजिन त्याच मॉडेलमध्ये बसवताना काहीसुद्धा कापावं लागत नाही, पेनला टोपण बसतं तसं बसतं. पाइप कापावा लागतो तो या कंपनीच्या घरगुती गाडीचं इंजिन यात घातलं तर. ती चार दारांची, मागे सामानाला पोट असलेली. बाहेरून दोन्ही इंजिनं जुळ्या भावांसारखी, फक्त घरगुतीचं तोंड जरा पुढे. पण असं कोण करेल, म्हणाला. आणि बोलता बोलताच फळीवर आडवा होऊन गाडीखाली सरकला.

दादा, पाइप आधीच कापलेला आहे. दोन बोटं. वरून जोड दिलाय आणि त्यावर गंज चढलाय, म्हणजे कालपरवाचा नाही. काट्याच्या वायरीलाही जोड आहे.

मग त्याने इंजिनाचा नंबर घासून काढला. सात आकडे, त्यातले दोन इतके बारीक झिजलेले की मी दुकानातून भिंग आणलं. गाडीच्या पुस्तकातल्या नंबराशी एकही पटत नाही. नंबराच्या पुढच्या अक्षरावरून स्टेथोने खात्रीने सांगितलं, हे घरगुती गाडीचं इंजिन आहे.

तू हसशील, पण मी फूटपाथवर उभी राहून खो खो हसले. आपण सगळे किती वर्षं बाबांच्या संयमाचं कौतुक करत होतो! स्पोर्ट्स कार असून कधी वेगात नेत नाहीत, केवढा तोल! अरे, ती पळतच नव्हती. आपली सगळी प्रतिष्ठा भाजी आणायच्या इंजिनावर चालली होती.

यातून भावही बदलले. घरगुती इंजिनाचे पार्ट कुठल्याही दुकानात मिळतात, म्हणून आता सोलून नवं करायला सत्तर हजार पुरे, असं स्टेथो म्हणतो. खरं कळल्यावर इंजिन स्वस्त झालं, आणि अर्थात गाडीची किंमतही पडली. आता यार्डातलं एक दहाचं घ्यावं की सत्तरात आहे तेच बरं करावं, हा प्रश्न. हे बरं की हे?

पण मला त्याहून मोठं कुतूहल लागलंय. हे केलं कुणी आणि केव्हा? बाबांनी? जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावणारा तो माणूस एक तारसुद्धा दुसऱ्या कंपनीची घालत नसे. म्हणून मी त्यांचं कार्डांचं खोकं काढलं. आठवतं ना? प्रत्येक पियानोचं एक कार्ड, त्यावर तारीख, दोष, कारण, उपाय. लिहिलेलं कधी खोडायचं नाही, बदल झाला तर खाली नवी ओळ. मला वाटलं होतं सगळी पियानोंचीच असतील. तळाशी गाडीचंही निघालं.

बरीचशी तेल, पाणी, टायर. आणि मग एकतीस वर्षांपूर्वीच्या १४ नोव्हेंबरची ही ओळ. जशीच्या तशी उतरवते:

दोष – उभी असताना आवाज अर्धा स्वर उतरलेला. कारण – धाकटी. उपाय – किल्ली काढून घेतली.

बाबा त्या वेळी दहा दिवस सभागृहांचे पियानो लावायला बाहेरगावी गेले होते. आले, गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली, आणि किल्ली खिशात गेली. ती ही ओळ.

दहा वेळा वाचली. कान एवढा की इंजिन बदललेलं नुसतं उभं असताना ऐकू आलं. आणि डोकं एवढंच, की मुलीने मैदानावर गियर खरडले म्हणून झालं. दादा, मी एकतीस वर्षं स्वतःला धांदरट समजत आले. लोकांच्या गाडीत बसले तरी पाय आखडून बसते, न जाणो माझ्या वजनानेच काही बिघडेल. त्या माणसाने एकदा विचारायचं तरी.

तू तेव्हा घरीच होतास, कॉलेजला सुट्टी होती. काही आठवतं का? तुझा धंदाच आहे शोधून काढायचा. हा दावा तपासून दे.

माया असू दे, आठवणही असू दे.

तुझी,
बारकी

•

२२ जून

चि. बारकीस,

आशीर्वाद. घाईत लिहितोय. गुडघ्याने पुन्हा उचल खाल्ली आहे, डॉक्टरांनी जिने वर्ज्य केलेत आणि आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. वरून खाली टेबल आणायला मंजुरी लागते, मंजुरी देणारा साहेब पाचव्या मजल्यावर बसतो. म्हणजे बघ.

एकतीस वर्षांपूर्वीचं काय आठवणार? मला परवाचं आठवत नाही. मधल्या काळात गाडी कितीतरी हातांत गेली असेल, एखाद्या गॅरेजवाल्याने बदललं असेल. असले प्रकार सर्रास चालतात. मनावर घेऊ नकोस. बाबा फटकळ होते, कार्डावरसुद्धा.

सोबत एक लाख दहा हजारांचा चेक आहे. यार्डातलं इंजिन घे आणि विषय मिटव.

तुझी वहिनी बरी आहे. लोभात तूट येऊ देऊ नकोस.

दादा

•

२७ जून

ती. दादास,

सा. न. चेक परत पाठवते आहे. पिन लावली आहे, बोटाला टोचून घेऊ नकोस.

तू मला एकदा तुझ्या धंद्यातली खूण सांगितली होतीस. खोटा दावा ओळखायचा कसा? तर जे विचारलं नाही ते माणूस तपशिलात सांगतो, आणि जे विचारलं ते त्याला आठवत नाही. तुझी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. पहिल्यात सायलेन्सरची दोन बोटं, वायरीचा जोड आणि चार दिवस. दुसऱ्यात परवाचंसुद्धा आठवत नाही.

आणि बाबांच्या गाडीला हात लावणारा गॅरेजवाला जन्मभरात एकच होता, नाक्यावरचे काका. तेही बाबांना विचारल्याशिवाय हवा भरत नसत. एवढा मोठा उद्योग त्यांनी बाबांच्या पाठीमागे केला, तर कुणीतरी घरातल्याने त्यांच्या हातापाया पडूनच केला असणार. घरात तेव्हा तिघं. आईला गाडीचं झाकण कुठून उघडतं हे माहीत नव्हतं. मला तीन फेऱ्या येत होत्या.

आणखी एक. त्याच महिन्यात तुझा कॅमेरा चोरीला गेला. बाबा स्वतः तक्रार लिहून द्यायला गेले होते, वर्णन किती बारकाईने लिहिलं होतं, पट्ट्यावरच्या टाक्यांसकट.

मी रागावलेली नाही. अजून नाही, कारण अजून मला सगळं कळलेलं नाही, आणि अर्ध्या माहितीवर रागावणं हे बाबांचं काम होतं. स्टेथोला सांगितलंय, कुठल्याच इंजिनाला हात लावू नकोस. गाडी त्याच्याकडे झाकून उभी आहे. तो जागेचं भाडं म्हणून रोज माझ्याकडून एका माणसाचे डोळे फुकट तपासून घेतो. त्याचं कुटुंब मोठं आहे, पण संपेलच कधीतरी.

मला एवढंच हवंय, लिहून. काय झालं होतं?

बारकी

•

५ जुलै

बारके,

आशीर्वाद देण्याच्या लायकीचा आज नाही, म्हणून तेवढी ओळ गाळतो.

बाबा बाहेरगावी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली. मित्राला वेग दाखवायचा होता. घाटाच्या चढावर काटा लाल रेषेच्या वर गेला, मला दिसला, मी म्हटलं वरपर्यंत नेऊ, मग थांबू. वर पोचण्याच्या आधीच ते बंद पडलं. पाण्याचा पाइप फुटला होता. इंजिन आतून चिकटून एक झालं होतं.

काकांकडे ढकलत नेली. मी खरोखरच त्यांच्या पाया पडलो, तुझा अंदाज बरोबर आहे. याच मॉडेलचं इंजिन आणायला महिना लागला असता आणि माझ्याकडे होते आठ दिवस आणि एक कॅमेरा. कॅमेरा विकला. त्यात जे आलं ते घरगुती गाडीचं इंजिन. चार दिवस मी त्यांच्या हाताखाली बोल्ट धरून बसलो होतो. पाइप मीच कापला. दोन बोटं मोजली ती माझीच.

बाबा आले, कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. गाडी बंद न करता आत बसून राहिले, मान तिरकी करून, पियानोपुढे बसत तसे. मग मला विचारलं, मी नसताना धाकटीने गाडी काढली होती का? मी म्हटलं, ‘माहीत नाही.’

एवढंच म्हटलं. तुझं नाव मी घेतलं नाही, यावर मी कितीतरी वर्षं स्वतःला माफ करत आलो. पण हे ‘माहीत नाही’ मी पुढे शेकडो दावेदारांच्या तोंडून ऐकलं आणि दर वेळी त्याच्याखाली लाल रेघ मारली. तेव्हा ते काय असतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

वाटलं, दोनचार महिन्यांत विसरतील, किल्ली पुन्हा खुंटीवर येईल. तू विचारशील, रडशील, भांडशील, मग सांगावंच लागेल. तू विचारलंच नाहीस. मग मला नोकरी लागली, गाव सुटलं, आणि लांबून सगळंच लहान दिसतं.

आता जे तुला खरंच ठाऊक नाही ते. गेल्या वर्षी दवाखान्यात, तू औषधं आणायला खाली गेली होतीस तेव्हा, बाबांनी भिंतीकडे बघत विचारलं, तुझा कॅमेरा खरंच चोरीला गेला होता का रे? तीस वर्षं हा माणूस ते जुळवत पडला होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, ‘दोष बरोबर लिहिला, कारण चुकीचं लिहिलं.’

मग म्हणाले, गाडी तिला द्यायची. कार्ड घरी आहे, त्यावर खाली नवी ओळ घालायची, ती तू घाल. आणि तिला सांगायचं काम तुझं. मी तिच्या तोंडाकडे बघून सांगू शकणार नाही.

मी सांगू शकलो, असंही नाही. ओळ घातली नाही, सांगितलं नाही. दर महिन्याला ठरवत होतो. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, इंजिनच भंगारात गेलं की प्रश्न मिटला. माणूस बावन्नाव्या वर्षीही एकवीसचाच असतो, फक्त गुडघे बदलतात.

तुझ्या वहिनीला काल सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाहीये. तू बोलली नाहीस तर ते रास्तच होईल.

दादा

•

२३ जुलै

दादा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. पहिले आठ मी ते दुकानात भिंगांच्या खणात ठेवलं होतं आणि त्या खणातलं भिंग लागलं की गिऱ्हाइकाला दुसरं चालेल का म्हणून विचारत होते. एका काकूंना चुकून त्यांच्या यजमानांचा नंबर दिला. त्यांना म्हणे पहिल्यांदाच सगळं स्पष्ट दिसलं.

रागावले. चांगली रागावले. चौथ्या फेरीसाठी फाटकाशी उभी असलेली ती मुलगी मला रोज दिसायची. तिला सांगावंसं वाटायचं, अगं घरात जा, तुझं काही चुकलेलं नाही. तू दोन शब्दांत तिला एकतीस वर्षं उभं केलंस. आणि बाबांनी स्वतःच्या कानावर एवढा विश्वास ठेवला की पोरीला विचारायची गरज त्यांना वाटली नाही. तुम्हा दोघांत जास्त मोठा अपराधी कोण, हे ठरवायला मी हे की हे, हे की हे करत राहिले. शेवटी दोन्ही भिंगांतून सारखंच दिसलं.

नवव्या दिवशी उठले आणि स्टेथोला घेऊन यार्डात गेले. सोबत बाबांचा तो सूर लावायचा काटा नेला, जुन्या कार्डावर गाडीचा मूळ स्वर लिहिलेला आहे. यार्डवाल्याने इंजिन चालू केलं. मी काटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. त्याने स्टेथोकडे पाहिलं, स्टेथोने आभाळाकडे. पाव स्वर वर होता, आणि मी पार हिरमुसून गेले, तेवढ्यात स्टेथोने एक स्क्रू पाव फेरा फिरवला आणि स्वर हवा तिथे आणून ठेवला. म्हणाला, बाई, उभ्या गाडीचा आवाज हा काही इंजिनाचा दाखला नाही, तो स्क्रूचा आहे. दाखला दाबाचा.

मग चारही सिलिंडरचा दाब मोजला. तीन सारखे, तिसऱ्यात कमी. यार्डवाला म्हणाला, थंड आहे म्हणून. मी म्हटलं, बाकीचे तीन काय शेकोटीपाशी बसलेत? एक लाख दहाचे अठ्ठ्याऐंशी झाले, तिसऱ्या सिलिंडरच्या नव्या रिंगा धरून आणि बसवण्यासकट. तू तिथे असतास तर पाच हजार आणखी उतरवले असतेस, हे मान्य आहे.

हिशेब असा. घरगुती इंजिन सत्तरात झालं असतं, आणि खरं सांगू, माझ्यासारखीला ते पुरलं असतं. तेव्हा सत्तर माझे. मूळ जातीचं इंजिन परत आणायला वरचे अठरा हजार लागले, ते तुझे. एक लाख दहा पाठवून सुटू बघत होतास. सुटायला अठराच पुरतात, पण चेकने चालणार नाहीत. स्वतः आणून द्यायचे.

इंजिन काल बसलं. आठवडा लागला, तुझं नाव सांगूनही. सायलेन्सरला स्टेथोने दोन बोटं रुंदीचा नवा तुकडा जोडला. जुनं इंजिन वजनावर गेलं. तुझ्या सांगण्यावरून नाही. मला ते नको होतं.

आज संध्याकाळी मैदानावर गेले होते. तिथे आता कुंपण घातलंय, म्हणून बाहेरूनच फिरवली. एकच फेरी. वळणावर गियर खरडला, करकचून. थांबले, ऐकलं. काहीसुद्धा बिघडलेलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने ये. स्टेशनवर मी घ्यायला येते. जिने नाहीत, गुडघ्याची सबब सांगू नकोस. चालवणार मी, तू शेजारी बसायचं आणि वेग कमी कर, वळण आलं, असं काही बोलायचं नाही. वहिनीलाही आण, असं म्हणाले असते, पण सीट दोनच आहेत. तिला सांग, तुझ्याशी बोलायला हरकत नाही. निदान शनिवारपर्यंत तरी.

कार्ड गाडीच्या खणात ठेवलंय. १४ नोव्हेंबरच्या ओळीखाली मी आजची तारीख घातली आणि ‘कारण’ एवढं लिहून पुढची जागा मोकळी सोडली. पेन घेऊन ये. अक्षर नीट काढ, बाबांच्या अक्षराखाली येणार आहे. ‘उपाय’ तुझं झालं की मी लिहीन.

माया होती, आहे. फक्त मधे तिचा दाब जरा कमी पडला होता.

तुझी,
बारकी